गाणं तोंडपाठ, पण एक वाक्य बोलता येत नाही

प्रश्न: मी जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. माझी पोरं मोबाईलवर ऐकलेली इंग्रजी गाणी अशी म्हणतात की ऐकत राहावं, पण 'काल कुठे गेला होतास' एवढं इंग्रजीत विचारलं की सगळा वर्ग चिडीचूप. म्हणून म्हटलं गाण्यांतूनच शिकवून बघू. ब्लूटूथ स्पीकर आणला, सध्या गाजत असलेलं एक गाणं लावलं, अर्थ सांगितला, सगळ्यांकडून दोनतीनदा म्हणून घेतलं. पोरं जाम खूश, नाचली पण. आठवड्याने विचारलं तर त्यातला एक शब्दही कुणाला वापरता येईना. वर मुख्याध्यापक म्हणाले 'हा इंग्रजीचा तास आहे का गॅदरिंगची प्रॅक्टिस', आणि एका पालकांनी येऊन सांगितलं की असली प्रेमाची गाणी शाळेत नकोत. गाण्यांतून इंग्रजी खरंच शिकवता येतं का, की हा नुसता टाइमपास? येत असेल तर नेमकं करायचं काय?

उत्तर:

ताई, येतं. नक्की येतं. आणि तुम्ही जे केलंत ते चुकीचं नव्हतं, फक्त जिथून शिकवणं सुरू व्हायचं तिथे तुमचा तास संपला.

म्हणजे बघा, गाणं पाठ झालं याचा अर्थ पोराच्या तोंडात आवाजांची एक लांबलचक माळ चालीसकट बसली. त्यात शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे संपतं हे त्याला माहीत असेलच असं नाही. उद्या वर्गात गेलात की एवढं करून बघा, जो सगळ्यात जोरात गातो त्याला म्हणा की तिसरी ओळ चाल न लावता, नुसती बोलून दाखव. तो मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून गुणगुणत येईल, तिसरीपाशी पोचेल आणि मग अडखळेल. ते वाक्य अजून गाण्याच्या मालकीचं आहे, त्याच्या नाही. आपलं काम एवढंच की चाल हळूच काढून घ्यायची आणि उरलेलं वाक्य त्याच्या स्वतःच्या आयुष्यात वापरायला लावायचं, त्याच तासाला नाहीतर दुसऱ्या दिवशी. हे झालं नाही तर मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त आहे असं मी म्हणेन.

आता गाण्यांचाच हट्ट का, हेही सांगते, कारण तुम्हाला स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारणारच. टिम मर्फी म्हणून इंग्रजी शिकवण्यातले एक संशोधक आहेत, त्यांनी १९९०च्या सुमारास पॉप गाण्यांची भाषा तपासली, तर निघालं काय की त्यात शब्द साधे असतात, सारखे परत परत येतात, 'मी' आणि 'तू' भरपूर असतं, आणि नेहमीच्या बोलण्याच्या साधारण निम्म्या वेगाने ते कानावर पडतात. नवशिक्याला याहून वेगळं काय हवं असतं? दुसरं म्हणजे एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० मोठ्या माणसांना पंधरा मिनिटं हंगेरियन भाषेतली छोटी छोटी वाक्यं शिकवली, काहींना नुसती बोलून, काहींना ठेक्यात बोलून, काहींना गाऊन. गाऊन शिकलेल्यांना ती जास्त चांगली म्हणता आली. २०१४ साली हा पेपर छापून आला. पण यातून लगेच 'गाण्याने भाषा येते' असं म्हणू नका हं. गाण्याने तयार वाक्यं डोक्यात आणि जिभेवर लवकर बसतात, एवढंच यातून दिसतं. नवीन वाक्य बनवणं हा वेगळा टप्पा आणि तो तुम्हालाच करून घ्यावा लागणार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकलं ते गाण्याची निवड. 'सध्या गाजत असलेलं' हे निवडीचं कारण असूच शकत नाही. गाणं निवडायचं ते त्यात कोणतं वाक्य परत परत येतं ते बघून. रीलवर पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा छान असतो, आणि पूर्ण गाणं उघडलं की भलतंच निघतं. 'शेप ऑफ यू' घ्या, २०१७ मध्ये आलं, चाल गावागावात पोचली, पण पहिल्या दोन ओळींतच क्लब आणि बार. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' चक्क लंडनच्या शाळेतल्या मुलांकडून गाऊन घेतलेलं आहे, पोरांना तुफान आवडतं, पण त्यातली ती प्रसिद्ध ओळ दोनदा नकार घालून बनवलीय, 'डोन्ट' पण आणि लगेच 'नो' पण. इंग्रज माणूस बोलीत असं बोलतो, पण सातवीच्या पोराच्या डोक्यात ते एकदा बसलं की परीक्षेच्या पेपरातही तसंच उतरणार. दहावीला लावा, तिथे यावर मस्त चर्चा होईल. सातवीला नको. एकदा पूर्ण बोल प्रिंट काढून किंवा वहीत लिहून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचल्याशिवाय कुठलंही गाणं वर्गात न्यायचं नाही, हा नियमच करून टाका.

सुरुवात मी 'वी शॅल ओव्हरकम' ने करायला सांगेन. जुनं आहे, अमेरिकेत काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतलं, रीलवालं नाही, मान्य. पण 'हम होंगे कामयाब' तुमच्या प्रत्येक पोराला परिपाठापासून पाठ आहे, गिरिजाकुमार माथुरांनी केलेलं हे त्याचंच हिंदी रूप. म्हणजे चाल येते, अर्थ येतो, नवीन फक्त इंग्रजी शब्द. एवढं सोपं दार दुसरं कुठलं नाही. शिवाय प्रत्येक कडव्यात एकच तुकडा बदलतो, बाकी सगळं तेच, म्हणजे रिकाम्या जागेत आपलं काहीतरी भरायची सवय गाण्यातच आहे. 'शॅल' आता रोजच्या बोलण्यात फारसं नाही, तेव्हा गाताना 'शॅल' राहू दे, वाक्यं बनवताना 'विल' घ्या, आणि पोरांना हे सरळ सांगा. मग पोरांनी आपली कडवी करायची. आम्ही मॅच जिंकू, आम्ही झाडं लावू, आम्ही सहलीला वेरूळला जाऊ. चालीत बसली नाहीत तरी चालतील, उलट बसवायच्या खटपटीत तीच ओळ पोरं दहादा म्हणून बघतात.

त्यानंतर खरं गाणं. सातवीसाठी मला ब्रुनो मार्सचं 'काउंट ऑन मी' फार आवडतं, २०१० सालच्या अल्बममधलं आहे. मैत्रीचं गाणं, आवाज स्वच्छ, वाद्यांचा गोंगाट नाही, एकदोनतीन-चारतीनदोन असे आकडे आहेत त्यामुळे मागच्या बाकावरचाही लगेच सामील होतो. आणि मुख्य म्हणजे सगळी कडवी एकाच साच्यातली. समुद्राच्या मधोमध अडकलास तर मी शोधायला येईन, अंधारात दिसेनासं झालं तर मी उजेड होईन, झोप येत नसेल तर शेजारी बसून गाणं म्हणेन. म्हणजे 'इफ' आणि 'आय विल', 'इफ' आणि 'आय विल'. आपल्या पोरांना हा साचा जड जातो कारण आपण 'तू आलास तर' म्हणतो, तिथे क्रियापद भूतकाळासारखं दिसतं, मग पोरं लिहितात 'इफ यू केम', नाहीतर 'तू येशील तर' वरून 'इफ यू विल कम'. फळ्यावर नियम लिहून हे सुटत नाही, मी बघितलंय. कानात बरोबर वाक्य आधी बसलेलं असलं की मात्र चुकीचं वाक्य त्यांना स्वतःलाच खटकतं.

आता हे आठवडाभर कसं चालवायचं ते सांगते. पहिल्या दिवशी कागद नाही, पुस्तक नाही, अर्थही सांगायचा नाही. नुसतं ऐकायचं आणि ओळखू आलेला शब्द ओरडून सांगायचा, तुम्ही तो फळ्यावर लिहायचा. फ्रेंड, सी, लाइट, वन टू थ्री, असं काय काय जमेल. मग त्या शब्दांवरून विचारा की गाणं कशाबद्दल असेल. अर्थ तुम्ही सांगितलात की त्यांचं ऐकणं बंद होतं, त्यांना शोधू द्या.

याच दिवशी पोरं हमखास एक गोष्ट करतात, वहीत देवनागरीत गाणं उतरवून घेतात. बरेच शिक्षक त्यावर चिडतात. मी तर म्हणते पहिल्या दिवशी करू द्या आणि वह्या गोळा करून बघा. एखाद्याने 'काउंटॉन मी' असं जोडून लिहिलं असेल तर त्याचा कान पक्का आहे, कारण तिथे दोन शब्द खरंच चिकटून येतात. कुणी 'आय विल सेल' ऐवजी 'आल सेल' लिहिलं असेल, तेही बरोबर ऐकलंय. कोणाला काय ऐकू येतं आणि काय निसटतं याचा इतका खरा पुरावा तुम्हाला चाचणीतून मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र देवनागरी बंद. त्या दिवशी मूळ ओळी इंग्रजीत हातात द्यायच्या आणि आपण लिहिलेलं शेजारी ठेवून ताडून बघायचं.

दुसऱ्या दिवशी कडवी मोठ्या अक्षरात लिहून ओळींच्या पट्ट्या कापा, प्रत्येक गटाला एक पाकीट, गाणं ऐकत पट्ट्या क्रमाने लावायच्या. इथे गंमत अशी करायची की 'इफ'ची ओळ आणि 'आय विल'ची ओळ वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवायची, म्हणजे कुठल्या अडचणीला कुठलं वचन हे अर्थ लावूनच जुळवावं लागतं. मग रिकाम्या जागा. रिकाम्या जागा देताना अवघड शब्द गाळायचा मोह होतो, तो टाळा. 'इफ' गाळा, 'आयल' म्हणजे आखडलेलं 'आय विल' गाळा. जे शिकवायचंय तेच ऐकायला लावा.

तिसरा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, आणि या दिवशी स्पीकर घरी ठेवून या. गाणं बंद. आता एकेकाने उभं राहून ओळ बोलायची, चाल न लावता, शेजारच्याकडे बघून, त्याला खरंच सांगतोय अशी. मग अडचणी तुम्ही मराठीत टाका आणि वचन त्यांनी इंग्रजीत द्यायचं. एसटी चुकली. पेन बंद पडलं. डबा आणला नाही. शेतात पाणी धरायला रात्री जावं लागलं म्हणून गृहपाठ राहिला. 'इफ यू मिस द बस, आय विल वेट फॉर यू.' 'इफ युवर पेन स्टॉप्स, आय विल गिव्ह यू माइन.' कुणीतरी 'आय विल गिव्ह यू माय होमवर्क' म्हणेल, म्हणू द्या, वाक्य अगदी बरोबर आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मित्रासाठी चार ओळी लिहायच्या, वर्गात वाचायच्या, आणि मगच परत एकदा सगळ्यांनी मिळून गाणं गायचं. त्या वेळचं गाणं ऐका तुम्ही. शब्द समजून म्हणणारी पोरं वेगळी ऐकू येतात.

तुम्ही विचारलेलं 'काल कुठे गेला होतास', त्याच्यासाठीही एक रस्ता आहे. सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर', १९८७ च्या अल्बममधलं, एकही वाद्य नाही, नुसता एका बाईचा आवाज, न्यूयॉर्कमधल्या एका साध्या हॉटेलात सकाळी बसून समोर जे घडतंय ते सांगतेय. मी बसलेय, मी कॉफीची वाट बघतेय, तो खिडकीबाहेर बघतोय. बरंचसं चालू वर्तमानकाळात. आवाज इतका मोकळा आणि जवळचा आहे की जर्मनीत एमपीथ्री बनवणाऱ्या इंजिनियरांनी आपलं तंत्र तपासायला हेच गाणं वापरलं होतं. फक्त सुरुवातीचा भाग घ्या, पुढे एक बाई काचेत बघून कपडे सारखे करते वगैरे आहे, ते सातवीला नको. मग पोरांना सांगा की परतूरच्या नाहीतर तुमच्या जवळच्या स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात बसलायस, काय दिसतंय ते सांग. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर 'काल' लावून सांगायचा, 'आय वॉज सिटिंग', 'ही पोअर्ड', 'शी केम'. चित्र डोक्यात आधीच आहे, बदलायचा फक्त काळ, त्यामुळे गप्प बसायचं कारणच राहत नाही.

उच्चारांचं पण यातच उरकतं. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो, तसंच इंग्रजी बोललं की समोरच्याला ते सपाट लागतं, आणि उलट इंग्रज बोलला की मधले 'टू', 'ऑफ', 'द' आपल्याला ऐकूच येत नाहीत कारण तो ते चिरडून पुढे जातो. गाण्याच्या ठेक्यावर टाळी वाजवा. टाळीवर पडतात ते शब्द फळ्यावर मोठे लिहा, उरलेले बारीक लिहा. मग गाणं न लावता फक्त टाळी धरून ओळ बोलायची, बारीक शब्द दोन टाळ्यांच्या मध्ये कसेही कोंबायचे. पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजी कवितेलाही हेच करा. मराठी कविता आपण चाल लावल्याशिवाय शिकवत नाही आणि इंग्रजी कविता मात्र बातमी वाचल्यासारखी वाचून टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आवाज चांगला नसला तरी काही बिघडत नाही, तुम्ही ठेक्यात बोललात तरी पोरं मागून येतात. आणि लाइट गेली, रेंज नसली, तरी तास चालतो.

एक सावधगिरी. सगळे मिळून गातात तेव्हा लाजरी पोरं त्यात लपून बोलायला शिकतात हे खरं, पण नुसती ओठ हलवणारी पोरंही त्यातच लपतात. म्हणून एकेकट्याचं ऐकणं सोडू नका, वर्ग मोठा असला तर रोज थोडे थोडे.

मुख्याध्यापकांचं म्हणाल तर टाचणात गाण्याचं नाव वर लिहू नका, वर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शेवटी पोरांना काय यायला हवं ते लिहा, 'अट आणि वचन सांगणारी वाक्यं बोलणे-लिहिणे', आणि गाणं साधन म्हणून खाली. शुक्रवारी त्यांना वर्गात बोलवा आणि पोरांनी लिहिलेल्या चार ओळी त्यांच्यासमोर वाचायला लावा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीचं पोर सातवं वर्ष शिकतंय, आणि तरी ते वर्गात स्वतःचं एक वाक्य बोलत नाही ही काळजी त्यांनाही असणारच. त्यांना विरोधक समजू नका.

त्या पालकांशीही वाद घालू नका, त्यांचं म्हणणं गाण्याच्या निवडीबद्दल आहे, पद्धतीबद्दल नाही. पोरांना घरी एक काम द्या, गाण्याचा अर्थ मराठीत आजीला नाहीतर आईला सांगून यायचा. जे गाणं पोराला आजीसमोर अर्थासकट सांगता येत नाही ते सातवीच्या वर्गासाठी नाहीच. आणि घरी कळलं की आपलं लेकरू अडचणीतल्या मित्राला मदत करायचं गाणं शिकतंय, की तक्रार येत नाही.

शेवटचं, कारण हल्ली सगळेच करतात. वर्गात शिकवताना गाणं वाजवायला, बोल फळ्यावर लिहायला, गॅदरिंगला विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यासमोर पोरांनी गायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे, कलम ५२ मध्ये. पण त्याचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर किंवा इन्स्टावर टाकणं त्यात बसत नाही, तो तिथून हटवला जाऊ शकतो, शिवाय पोरांचे चेहरे पालकांना न विचारता असे बाहेर जाऊ नयेत. पोरांनी लिहिलेल्या ओळी मात्र पोरांच्या आहेत, त्या शाळेच्या भिंतीवर लावा, पालकसभेला वाचून दाखवा. आणि त्यातल्या काही मलाही पाठवा ताई, चुका न सुधारता, आहेत तशा, पुढे कोणतं गाणं घ्यायचं ते मला त्या चुका बघूनच सांगता येईल.